चैत्रातला गारवा

काव्यांतील वर्णने वाचून कोणी मराठवाड्यात वसंत शोधावयास निघाला, तर त्याची पंचाईत व्हावयाची. काव्यातला वसंत मंद वाऱ्याचा, आम्रमंजिरीचा आणि कोकिळेचा. पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हेच वसंताचे महिने होत, हे खरे. परंतु नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत चैत्र येतो तो उन्हाच्या झळा बरोबर घेऊनच. गुढीची पूजा आटोपून मंडळी घरात येतात न येतात तोच अंगणातली फरशी पायांना चटके देऊ लागते, आणि वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जाऊन तेथेच ठाण मांडतो. येथला वसंत उन्हाळ्याच्या पोटातच जन्मास येतो म्हणा ना! त्यामुळे त्याचे सुखही विपुल नसते. ते लहान लहान तुकड्यांनी येते.

हे तुकडे मोजू लागले तर मात्र त्यांची संख्या थोडीथोडकी नाही. फाल्गुनात किनवट आणि माहूरच्या बाजूच्या डोंगरांवर पळस फुलतो. अंगावर पान नाही आणि फांदी न् फांदी केशरी, अशी त्याची अवस्था असते. निष्पर्ण झाडावरची ती फुले पक्ष्यांना दुरून दिसतात. साळुंक्या आणि शिंजीर मधासाठी येतात आणि परागांची ने-आण परस्पर होऊन जाते. हीच फुले पाण्यात उकळून रंगपंचमीचा रंग करण्याची रीत पूर्वापार आहे. पाठोपाठ मोहाची फुले पहाटे टपटपू लागतात, आणि गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्यांतील बायका-मुले टोपल्या घेऊन झाडांखाली जमतात. लातूरकडे हे दिवस चिंचेचे. निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीच्या तर नावातच चिंच आहे, आणि लातूर जिल्ह्यातील पटडी चिंचेस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ओसरीच्या सावलीत बायका चिंचा फोडीत बसतात. एका अंगाला गर, एका अंगाला टरफले, एका अंगाला चिंचोके, आणि मुलांचा डोळा नेमका चिंचोक्यांवर! दारच्या कडुलिंबाला बारीक पांढरा मोहर आलेला असतो आणि दिवेलागणीला त्याचा वास सगळ्या गल्लीत पसरतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे, वाटली डाळ, भिजवलेले हरभरे आणि मोगऱ्याचा गजरा. हरभरा नुकताच रानातून घरी आलेला असतो, म्हणून तो ओटीत. कैरी नुकतीच झाडाला धरलेली असते, म्हणून ती पन्ह्यात. जे त्या पंधरवड्यात हाताशी आहे त्याचाच हा सण आहे. मुद्दाम दुरून आणावे असे त्यात फारसे काही नाही.

या साऱ्या सुखांकडे जरा निरखून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे गारवा. पन्हे, मोगरा, वाळ्याचा पडदा, कडुलिंबाची सावली, ही सारी गारव्याची निरनिराळी रूपे. त्यांतले सर्वांत साधे, सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच बहुधा सर्वांत दुर्लक्षिलेले रूप म्हणजे माठातले पाणी.

माठाचे पाणी गार का होते, हे शाळेत शिकविलेले असते आणि बहुतेकांनी ते विसरलेलेही असते. कुंभार माठाची माती मळताना तीत लीद, राख किंवा भुसा मिसळतो. भट्टीत हे पदार्थ जळून जातात आणि त्यांच्या जागी डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. माठ भरला की पाणी या छिद्रांतून बाहेर पाझरते आणि माठाच्या अंगाला घाम आल्यासारखा दिसतो. कोरडी हवा हा घाम शोषून घेते. आता पाण्याची वाफ होणे हे मोठे खर्चाचे काम आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने उतरविण्यास एक कॅलरी उष्णता काढावी लागते. तेच एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडावयाचे म्हटले तर सुमारे ५८० कॅलरी लागतात. ही उष्णता माठातल्या उरलेल्या पाण्याकडूनच घेतली जाते. पन्नास तांबे पाण्यातले एक तांब्याभर पाणी असे उडून गेले, तर नुसत्या हिशेबाने राहिलेले एकोणपन्नास तांबे ११-१२ अंशांनी गार व्हावेत. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सारखी आत शिरत असल्यामुळे इतका लाभ पदरात पडत नाही. तरीही जो पडतो तो पुरेसा असतो.

यात एक गंमत आहे. हवा जितकी कोरडी, तितका माठ गार. हवा ४० अंशांची असून तिच्यातली आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा २२ अंशांच्या आसपास उतरतो. माठाची धाव साधारण त्या मर्यादेपर्यंत. मुंबईस हवा ३३ अंशांचीच, पण आर्द्रता ७० टक्के असेल, तर हीच मर्यादा सुमारे २८ अंशांवर येते. म्हणजे लातूरचे ऊन मुंबईहून कडक खरे, पण लातूरच्या माठातले पाणी मुंबईच्या माठातल्या पाण्याहून गार! ज्या कोरडेपणाने घसा सुकतो, तोच कोरडेपणा माठ गार करतो. नोकरीनिमित्त मुंबईस गेलेले मराठवाड्यातील लोक ‘गावाकडच्या माठाची सर नाही’ असे म्हणतात तेव्हा ती केवळ घरची ओढ नसते. तिच्यामागे पदार्थविज्ञानही उभे असते.

माठ जुना झाला की त्याचा गारवा कमी होतो. मराठवाड्याची भूमी बेसाल्ट खडकाची आणि विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड. त्यातले क्षार छिद्रांत साचून ती हळूहळू बुजतात. बाहेरून पांढरी पुटे चढलेला माठ पाणी सांभाळतो, पण गार करीत नाही. म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी नवा माठ घेण्याची चाल पडली. तो आणून रात्रभर पाण्यात ठेवावा, पहिले पाणी झाडाला घालावे, मग तिवईवर किंवा ओल्या वाळूवर बसवून अंगाला ओले तरट गुंडाळावे, हा त्याचा संस्कार. पहिल्या दोन दिवसांच्या पाण्याला मातीचा वास येतो. तो काहींना मुळीच सोसत नाही आणि काहींना त्यासाठीच नवा माठ हवा असतो.

हे झाले माठाचे. परंतु गार पाणी प्यायल्याने जे सुख होते ते माठात नसते, पिणाऱ्यात असते. मिशेल कबानाक या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १९७१ साली या प्रश्नाचा चांगला उलगडा केला. एकच स्पर्श किंवा एकच चव शरीराच्या आतल्या स्थितीप्रमाणे सुखद किंवा दुःखद वाटते, असे त्याने दाखवून दिले. तापलेल्या शरीराला गार पाणी सुखाचे, गारठलेल्या शरीराला तेच पाणी नकोसे. पौषात ज्या तांब्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही तोच चैत्रात अमृताचा होतो, तो यामुळे. आणखी एक नवल असे की, प्यालेले पाणी रक्तात पुरते मिसळण्यास दहा-पंधरा मिनिटे तरी लागतात. तहान मात्र एखाद्या मिनिटातच शमू लागते. तोंड आणि घसा यांच्याकडून मेंदूला आगाऊ वर्दी जाते, आणि ही वर्दी देण्याचे काम पाण्याचा गारवाही करतो, असे उंदरांवरील अलीकडच्या प्रयोगांत आढळले आहे. मराठी माणूस गार पाणी पिऊन ‘जीव गार झाला’ म्हणतो. पोट गार झाल्याचे नंतर सांगतो. बोलीने हा क्रम फार पूर्वीच अचूक लावून ठेवला आहे.

आता हे सुख एकट्याने भोगावयाचे नाही, असे या प्रांताने निदान दोन हजार वर्षांपूर्वीपासून मानलेले दिसते. पाणपोई या शब्दातील ‘पोई’चा संबंध संस्कृत ‘प्रपा’ या शब्दाशी जोडला जातो. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. तेथल्या सातवाहन राजांपैकी हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत पाणपोईवरची स्त्री आणि तहानेला वाटसरू यांचे एक प्रसिद्ध चित्र आहे. दोघांनाही ती भेट लवकर संपू नये असे वाटते. म्हणून वाटसरू बोटे फाकून ओंजळीतले पाणी सांडू देतो आणि ती धार बारीक बारीक करीत जाते. महाराष्ट्री प्राकृतात हे चित्र जेव्हा रंगविले गेले तेव्हा रस्त्यावरची पाणपोई ही गोष्ट ऐकणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती, हे यावरून उघड होते. पुढे धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी चैत्रापासून प्रपादान सांगितले, आणि वर्षप्रतिपदेला पाणपोई घालण्याची रीत रूढ झाली. संत एकनाथांनी रामेश्वरासाठी नेत असलेली गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली, ही कथाही याच पैठणच्या संताची.

नांदेडला या परंपरेचा आणखी एक पदर आहे. गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली येथे देह ठेवला. महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात सचखंड श्री हुजूर साहिबची इमारत उभी राहिली. होळीच्या दुसऱ्या दिवशी तेथून निघणारी हल्लाबोलची मिरवणूक पाहावयास दूरदूरचे लोक येतात, आणि तिचे घोडे, निशाण व नगारे यांचे वर्णन सगळेच करतात. त्या मानाने एका लहान गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तेथे रोज पहाटेच्या अंधारात एक सेवेकरी घागर घेऊन गोदावरीवर जातो आणि त्या पाण्याने गाभाऱ्यातील स्थान धुतले जाते. उत्सवाच्या दिवशी तेवढेच नव्हे, तर रोज. शहराला विष्णुपुरी बंधाऱ्याचे पाणी नळाने येते हे ठाऊक असूनही, नदीवर चालत जाऊन घागर भरण्याचा हा नित्यनेम सुटलेला नाही.

येथे पाणपोईविषयी एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. लांब दांडीच्या ओगराळ्याने वरून धार धरण्याच्या पद्धतीचे कौतुक करणाऱ्यांनी हे विसरू नये की, ती धार सर्वांसाठी सारख्याच अंतरावरून पडत नसे. काहींना रांजणाजवळ येण्याचीच बंदी होती. ही स्थिती एका प्रांताची नव्हती. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव केला, तरी त्यानंतरही कोकणातील महाडचे चवदार तळे अस्पृश्य मानलेल्यांना बंदच होते. आणि २० मार्च १९२७ रोजी, ऐन फाल्गुनात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. ती ओंजळ गारव्यासाठी नव्हती. जे हक्काचे आहे ते दान म्हणून दुरून ओतावयाचे आणि वर घेणाऱ्याने उपकार मानावे अशी अपेक्षा धरावयाची, ही कृतज्ञतेची थट्टा होय. पाण्याविषयीच्या ऋणाची चर्चा करताना ही ओंजळ दृष्टीआड करून चालत नाही.

आता ऋण फेडण्याच्या रीतीकडे वळू. शहरी सुशिक्षित घरांत हल्ली पाण्याच्या पेल्यालाही ‘थँक्यू’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. तिच्यात वाईट काही नाही. पण मराठवाड्यातील जुन्या घरात उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गुळाचा खडा आणि तांब्या-भांडे येई, आणि पाहुणा आभाराचा शब्द काढीत नसे. काढला असता तर घरच्यांना ते परकेपणाचे वाटले असते. तो पाणी पिई, खांद्यावरच्या पंचाने तोंड पुशी, ‘जीव गार झाला’ एवढेच म्हणे, आणि त्याच्या दारी कोणी आला म्हणजे आपण होऊन तांब्या पुढे करी. दिलेले पाणी देणाऱ्याकडे परत जात नसे, पुढच्या माणसाकडे जाई. पाणपोईवर तर देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतही नसत. तेथे परतफेड करावी म्हटले तरी ती कोणाला करावयाची?

मानसशास्त्रज्ञांनी अलीकडे या भावनेची मोजदाद आरंभिली आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्युलो या अमेरिकन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांनी दर आठवड्याला कृतज्ञ वाटावे अशा गोष्टी लिहून काढल्या ते, कटकटी लिहून काढणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळले. पुढे २००५ साली सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक बारकावा दाखविला. आठवड्यातून एकदा असे लिहिणाऱ्यांना लाभ झाला. तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोजच्या रोज मोजलेले सुख शिळे होते, असा याचा अर्थ लावता येईल. वर्षातून एकदाच येणारे पन्हे आणि एकदाच येणारी चैत्रगौर यांची योजना करणाऱ्या आजीबाईंनी हा निबंध वाचला नव्हता. त्यांना तो वाचण्याची जरुरीही भासली नसती.

परंतु ज्या वर्षी माठात घालावयासच पाणी नाही, त्या वर्षी या साऱ्याचे काय होते? हा प्रश्न लातूरपुढे खरोखरच येऊन ठेपला, आणि तोही नेमका चैत्रात.

नांदेडच्या अंगणातून गोदावरी वाहते. लातूर शहराला अशी नदी नाही. त्याचे पाणी बीड जिल्ह्यात धनेगाव येथे बांधलेल्या मांजरा धरणातून येते. सह्याद्रीने आपल्या पश्चिम उतारावर पाऊस उतरवून घेतल्यावर जे ढग शिल्लक राहतात त्यांवर या भागाची भिस्त आहे. खाली बेसाल्टचा खडक; त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरांत मावेल तेवढेच भूजल. २०१२, २०१४ आणि २०१५ या वर्षी पावसाने दगा दिला आणि धरण कोरडे पडले. २०१६ च्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून तेथे जमावबंदी लागू करावी लागली. नळ बंद झाले होते. टँकरची आठवडा-आठवडा वाट पाहावी तेव्हा एका कुटुंबास दोनशे लिटरच्या आसपास पाणी मिळे. गंजगोलाईच्या त्या गोल बाजारपेठेत, जेथे सोळा रस्ते येऊन मिळतात, तेथे माठ विकत मिळत होते. त्यात काय भरावे हा प्रश्न होता. शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेली कित्येक मुले परत गेली. त्या वर्षीचा पाडवा ८ एप्रिलला आला. गुढीवरचा तांब्या रीतीप्रमाणे पालथाच असतो. त्या दिवशी घरातले पुष्कळसे तांबेही त्याच स्थितीत होते.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी, १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे, मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी लातूरला पोहोचली. लोकांनी तिला जलदूत म्हटले. मिरजेस कृष्णेचे पाणी भरून तिने सुमारे ३४० किलोमीटरांचा प्रवास केला होता. तिच्या वाघिणी राजस्थानातील कोटा येथील कारखान्यात आतून स्वच्छ करून आणलेल्या होत्या. ती ज्या मार्गाने आली तो मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर असा मार्ग एके काळी बार्शी लाईट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांचा होता. वारकऱ्यांना पंढरीस पोहोचविणारी ती चिमुकली गाडी जुन्या लोकांच्या अजून आठवणीत आहे. रूळ रुंद झाले नसते तर एवढे पाणी त्या वाटेने येतेच ना.

पहिल्या खेपेस दहा वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे पाच लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर. समान वाटणी केली असती तर प्रत्येकाच्या वाट्यास एक मोठा तांब्या आला असता. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. तिच्या एका खेपेचे पाणी पंचवीस लाख लिटर, म्हणजे माणशी साडेसहा लिटर. शहरातील माणसास रोज १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी मान आहे. तरीही स्थानकावर लोक गाडी पाहावयास जमले होते. एकूण शंभराहून अधिक खेपा झाल्या, आणि त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा धरण भरले.

त्या दिवसांविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, मिरजेच्या लोकांनी आपल्या नदीचे पाणी दिले, रेल्वेने ते आणले, हे ऋण लातूरने जन्मभर विसरू नये. दुसरा पक्ष म्हणतो, आभार कसले मानता? वर्षानुवर्षे उसासारख्या तहानलेल्या पिकाला पाणी पाजले, तळी बुजविली, विंधन विहिरींची चाळण केली, आणि शेवटी पाणी आगगाडीने आणावे लागले, ही लाजेची गोष्ट आहे. तिचा उत्सव कशाला? दोन्ही पक्ष खरे बोलत आहेत, आणि त्यांत विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. मिरजेहून आलेल्या तांब्याचे मोल ज्याला कळले, त्यालाच धरणातल्या पाण्याचा हिशेब मागण्याचा खरा अधिकार आहे. पाण्याविषयी कृतज्ञ असलेला माणूस नळ उघडा टाकीत नाही, आणि जो तो उघडा टाकतो त्याला जाबही विचारतो. उलट जे समाधान कसलाच प्रश्न विचारू देत नाही, ते कृतज्ञता नसून गाफीलपणा आहे; मराठवाड्याला तो परवडत नाही. महाडच्या ओंजळीने हा भेद एकदा शिकविलेलाच होता.

गेल्या काही वर्षांत पाणपोईचे रूपही पालटले आहे. नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर आता लाल फडक्यातल्या रांजणापेक्षा थंड पाण्याचे वीस लिटरचे जार अधिक दिसतात, आणि ज्या थोड्या पाणपोया उघडतात त्यांवरील नावाचा फलक पुष्कळदा माठांच्या दुप्पट मोठा असतो. फलक वैशाखभर टिकतो. माठ मात्र पहिल्या पंधरवड्यानंतर कोणी भरीत नाही, अशीही उदाहरणे आहेत. त्यापेक्षा घराच्या कुंपणाबाहेर निनावी ठेवलेला एखादा माठ आणि त्यावर उपडे घातलेले स्टीलचे भांडे बरे. तेही दिसतात, जुन्या गल्ल्यांतून अजून दिसतात. शेजारी पाखरांसाठी परळात पाणी ठेवलेले असते.

चैत्रगौरीच्या महिन्याची सांगता अक्षय्य तृतीयेला होते. कित्येक घरांत त्या दिवसापर्यंत नव्या माठातले पाणी कोणी पीत नाही. आधी घट भरून पितरांच्या नावाने पाण्याचे दान द्यावयाचे, आंब्याची पहिली फोडही त्यांच्याच नावाने ठेवावयाची, आणि मग घरातल्यांनी भांडे हाती घ्यावयाचे. ज्यांनी विहीर खणली, ज्यांनी झाड लावले, ते आता पाणी मागावयास येत नाहीत. म्हणून त्यांचा वाटा अगोदर.

२०१६ साली ही तृतीया ९ मे रोजी आली. जलदूताच्या खेपा तेव्हा चालू होत्या. स्थानकाजवळ उतरवून घेतलेले पाणी शुद्ध होऊन टँकरने वस्त्यांत जात होते, आणि त्या दिवशी लातूरच्या ज्या घरांनी घट भरला त्यांतील कित्येकांत ते पाणी गेले असणार. मांजरेच्या काठी जन्मलेल्या आजा-पणज्यांना त्या वर्षी कृष्णेच्या पाण्याचा घट मिळाला. उरलेले पाणी घरातल्यांनी वाटून घेतले.